अकरा मीटरच्या दगडाभोवती

सप्टेंबर २०२५ मध्ये एक लघुग्रह कागदावर जवळजवळ एकतृतीयांश झाला. त्याचे नाव १९९८ केवाय२६. तो सुमारे ३० मीटर व्यासाचा आहे आणि १०.७ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, असे सत्तावीस वर्षे धरले जात होते. चिलीतील व्हेरी लार्ज टेलिस्कोप आणि इतर मोठ्या दुर्बिणींच्या नव्या वेधांतून निष्पन्न झाले, की तो जेमतेम ११ मीटरचा आहे आणि त्याची फेरी पाच मिनिटांच्या आसपास पूर्ण होते. जपानचे हायाबुसा-२ हे यान २०३१ मध्ये या दगडापाशी पोहोचणार आहे. ज्या विद्यार्थ्यांनी आपल्या संगणकावरील अवकाशउड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये हा लघुग्रह घालून त्यावर उतरण्याचा सराव केला असेल, त्यांचा सगळा सराव त्या दिवशी दुसऱ्याच कुठल्या तरी दगडावर झाल्यासारखा ठरला. व्यास ३० वरून ११ मीटरवर आला की वस्तुमान विसाव्या हिश्श्यावर येते.

यावरून सिम्युलेटर म्हणजे फोल खेळणे, असा निष्कर्ष काढणारे प्राध्यापक आपल्याकडे कमी नाहीत. तो निष्कर्ष चुकीचा आहे. पण सिम्युलेटर हीच प्रयोगशाळा, असे मानून संगणककक्षाच्या दारावर ‘अवकाश प्रयोगशाळा’ अशी पाटी लावणाऱ्या संस्थांचा उत्साहही तितकाच तपासून पाहण्याजोगा आहे.

मार्टिन श्वायगर यांचे ‘ऑर्बिटर’ २००० सालापासून विनामूल्य मिळते आणि २०२१ पासून त्याचा स्रोतही खुला आहे. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा खेळ म्हणून विकला जातो. तरी २०१४ मध्ये नासाच्या सहकार्याने त्यात लघुग्रह पकडून आणण्याची मोहीम आली आणि जगभरातील असंख्य मुलांनी कक्षा बदलणे म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकाआधी तिथेच शिकून घेतले. चेन्नईसारख्या शहरात याला विशेष अर्थ आहे. अण्णा विद्यापीठाचा अनुसॅट २००९ मध्ये पीएसएलव्हीवरून कक्षेत गेला. आयआयटी मद्रासच्या आवारात वाढलेल्या अग्निकुलने मे २०२४ मध्ये त्रिमितीय मुद्रणाने घडवलेल्या इंजिनावर आपला अग्निबाण उडवून दाखवला. यानाची भाषा या शहरातल्या विद्यार्थ्याला परकी नाही. ज्याच्याकडे यान न्यायचे, त्या दगडाची भाषा मात्र त्याला शिकावी लागेल.

ती भाषा विचित्र आहे. चंद्रावर उतरण्याची सवय झालेला विद्यार्थी सिम्युलेटरमध्ये लघुग्रहाजवळ येतो, वेग मारतो आणि यान खाली येण्याची वाट पाहतो. यान खाली येत नाही. अपोफिससारख्या सुमारे ३४० मीटरच्या लघुग्रहाची घनता पाण्याच्या दुप्पट धरली, तर त्याच्या पृष्ठभागावर एक मीटर उंचीवरून सोडलेला खडा खाली पोहोचायला जवळजवळ अडीच मिनिटे घेईल. तिथे ‘उतरणे’ हा शब्दच फसवा ठरतो. ते खरे तर एका थंड, अनोळखी, फिरत्या वस्तूला अलगद जाऊन टेकणे असते.

विक्रम लँडरचे उदाहरण घ्यावे. चांद्रयान-३ च्या विक्रमने सप्टेंबर २०२३ च्या आरंभी आपली इंजिने पुन्हा पेटवून सुमारे ४० सेंटिमीटरची उडी मारली होती आणि देशभर तिचे कौतुक झाले. चंद्रावर एवढी उडी घ्यायला साधारण सेकंदाला १.१ मीटर वेग लागतो. बेन्नू या सुमारे ४९० मीटरच्या लघुग्रहावरचा मुक्तिवेग सेकंदाला २० सेंटिमीटरच्या घरात आहे. म्हणजे विक्रमची तीच उडी बेन्नूवर घेतली असती, तर ते लँडर परत कधीच खाली आले नसते. ही केवळ कल्पना नव्हे. १२ नोव्हेंबर २००५ रोजी जपानच्या पहिल्या हायाबुसाने इटोकावा या लघुग्रहावर मिनर्व्हा नावाचे चिमुकले यंत्र सोडले. आज्ञा पोहोचली तेव्हा मुख्य यान वर सरकत होते. यंत्राला तो किंचितसा वरचा वेग मिळाला आणि तेवढ्यानेच ते लघुग्रहाला कायमचे पारखे झाले.

आता पुन्हा त्या ११ मीटरच्या दगडाकडे यावे, कारण खरी गंमत तिथे आहे. घनता पुन्हा पाण्याच्या दुप्पटच धरली, तर त्याचा मुक्तिवेग निघतो सेकंदाला सुमारे ६ मिलिमीटर. पण तो इतक्या झपाट्याने फिरतो, की त्याच्या विषुववृत्तावरचा प्रत्येक बिंदू सेकंदाला जवळजवळ ११ सेंटिमीटर या वेगाने पुढे जात असतो. तिथे ठेवलेला सुटा खडा, वाळूचा कण, यानाचा पाय, काहीही टिकणार नाही. दगडासोबत फिरणाऱ्याच्या दृष्टीने बोलायचे तर बाहेर फेकणारा त्वरण हा आत ओढणाऱ्या गुरुत्वाच्या सुमारे सातशे पट आहे. विषुववृत्तावर उभ्या राहणाऱ्याला ‘खाली’ ही दिशा आकाशाकडे आहे. असा दगड सुट्या खडीचा ढिगारा असेल, तर कणांना धरून ठेवणारी काही ना काही चिकटण हवी. नाहीतर तो एकसंध खडक असायला हवा. यांपैकी काय खरे, हे यान पोहोचेल तेव्हाच पक्के कळेल.

याच हिशेबातून आणखी एक सुंदर गोष्ट हाती लागते आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः काढून पाहावी. गोलाच्या पृष्ठभागाला घासून जाणाऱ्या कक्षेचा आवर्तकाल केवळ घनतेवर अवलंबून असतो, आकारावर मुळीच नाही. पाण्याच्या दुप्पट घनतेसाठी तो सुमारे २ तास २० मिनिटे येतो, मग तो गोल अकरा मीटरचा असो की अकरा किलोमीटरचा. म्हणूनच सुट्या दगडगोट्यांचे लघुग्रह साधारण सव्वादोन तासांपेक्षा वेगाने फिरताना सहसा आढळत नाहीत. आठ अंकी वेगाने आकडे बदलणाऱ्या पडद्यावर हे सत्य कोणी सांगत नाही. वही-पेन्सिल घेऊन बसलेल्याला ते पाच ओळींत सापडते.

प्रकाशाचेही तसेच. सूर्यप्रकाशाचा दाब एरवी आपण विसरून जातो. ११ मीटरच्या या दगडापासून तीसेक मीटरवर मात्र एखाद्या सर्वसाधारण यानावर पडणारा तो दाब आणि दगडाचे गुरुत्व जवळपास तुल्यबळ होतात. त्यापलीकडे प्रकाश जिंकतो. हे यान दगडाभोवती निवांत घिरट्या घालू शकणार नाही. त्याला हळूहळू इंजिने वापरत शेजारी तरंगत राहावे लागेल. सिम्युलेटरमध्ये प्रकाशदाबाचा पर्याय बंद असेल किंवा मुळातच नसेल, तर विद्यार्थ्याला तिथे एक देखणी, स्थिर आणि पूर्णपणे खोटी कक्षा मिळते. उलट ‘कर्बल’मध्ये लघुग्रहांना स्वतःचे गुरुत्वच नसते, तिथे ते यानाच्या सुट्या भागासारखे वागतात आणि पंजाने पकडावे लागतात. जाणकार याला हसतात. पण एवढ्या छोट्या दगडापुरते पाहिले, तर तो खेळच वस्तुस्थितीच्या जास्त जवळ आहे. कोणता सिम्युलेटर ‘खरा’ हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे. कोणत्या दगडासाठी, किती अंतरावर आणि काय वगळून, एवढेच विचारता येते.

आणि तरीही या सगळ्या हिशेबाचा पाया एकाच आकड्यावर आहे: दगड केवढा? तो आकडा सिम्युलेटरच्या फाइलमध्ये कोणीतरी टंकलेला असतो. तो कुठून येतो, या प्रश्नाने वाट थेट चेन्नईला येते.

बहुतेक लघुग्रह दुर्बिणीतून नुसता ठिपका म्हणून दिसतात. त्यांचा आकार त्यांच्या तेजावरून अदमासाने काढतात आणि ते तेज ‘प्रत’ या मापात मोजतात. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात नेमका शंभर पटींचा फरक, हे माप १८५६ मध्ये सुचवले नॉर्मन पॉग्सन यांनी. तेच पॉग्सन १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेचे सरकारी खगोलज्ञ म्हणून नुंगमबाक्कमला आले आणि १७ एप्रिल १८६१ रोजी त्यांनी तिथून एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिलाच लघुग्रह. म्हणून त्याचे नाव ६७ एशिया. पुढे तिथूनच सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि १८८५ मध्ये व्हेरा असे आणखी चार सापडले. छायाचित्रण नव्हते. डोळ्यांनी तारकापटाशी ताडून पाहायचे, एक ठिपका जास्त दिसला की पुढच्या रात्री तो सरकला का ते पाहायचे, एवढेच साधन. त्याच वेधशाळेतील सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला; वसाहतीच्या त्या काळात त्यांचे नाव त्या शोधाला जोडले गेले ही गोष्टही लहान नव्हे.

तेजावरून आकार काढताना पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो हे माहीत असावे लागते. कोळशासारखा काळा मोठा दगड आणि उजळ लहान दगड सारखेच तेजस्वी दिसतात. परावर्तन शेकडा ५ धरले काय किंवा २५ धरले काय, व्यासात सव्वादोन पटींचा फरक पडतो आणि वस्तुमानात अकरा पटींचा. १९९८ केवाय२६ बाबत असेच काहीसे घडले. नव्या अभ्यासात त्याचा पृष्ठभाग बराच उजळ असल्याचे दिसले आणि दगड आक्रसला. सिम्युलेटरमध्ये मात्र व्यास हा एकच ठाम आकडा असतो. त्याच्यापुढे ‘अधिक-उणे’ लिहायला जागाच नसते. विद्यार्थ्याचे खरे नुकसान होते ते इथे. पडद्यावरचे खड्डे, सावल्या, चमकणारे खडक इतके पटण्याजोगे असतात, की त्यामागचा अंदाज अंदाज राहत नाही.

हा भ्रम अनुभवी शास्त्रज्ञांनाही चुकलेला नाही. बेन्नूचा पृष्ठभाग उष्णतेच्या मोजमापांवरून बारीक खडीचा असावा, असे मानून ओसायरिस-रेक्सची आखणी झाली होती. नमुना घ्यायला सुमारे ५० मीटर रुंदीची मोकळी जागा मिळेल असा हिशेब होता. २०१८ च्या डिसेंबरात यान पोहोचले तेव्हा समोर सर्वत्र दगडधोंडे. अखेर जेमतेम १६ मीटर रुंदीची जागा निवडावी लागली. २० ऑक्टोबर २०२० रोजी यानाचा हात पृष्ठभागाला टेकला आणि जवळपास अर्धा मीटर आत गेला. इंजिने लगेच पेटली नसती तर यान आणखी आत शिरले असते. रडारवरून आधी काढलेला बेन्नूचा एकंदर आकार मात्र उत्तम जुळला. म्हणजे प्रतिमान एका बाबतीत खरे आणि दुसऱ्या बाबतीत साफ चुकीचे असू शकते, आणि कोणत्या बाबतीत काय, हे जाऊन पाहिल्यावाचून ठरत नाही.

भारतापुरता प्रश्न जरा कडवट आहे. १८८५ मध्ये मद्रासहून व्हेरा सापडला. भारतीय भूमीवरून पुढचा लघुग्रह सापडायला १९८८ उजाडले. तमिळनाडूतच जवादी टेकड्यांमधील कावलूर वेधशाळेत आर. राजमोहन आणि सहकाऱ्यांनी ‘कल्की’ नावाच्या शोधमोहिमेत तो टिपला. त्याला ४१३० रामानुजन हे नाव मिळाले. मधली १०३ वर्षे या कामापुरती कोरी गेली. मद्रास वेधशाळेचे काम विसाव्या शतकाच्या तोंडावर कोडाईकनालला हलले, तिथे सूर्याचा अभ्यास सुरू झाला आणि तो मोलाचाच होता. नुंगमबाक्कमच्या हवामान केंद्राच्या आवारात जुन्या वेधयंत्राचा आधार असलेला ग्रॅनाइटचा स्तंभ अजून उभा आहे. शेजारच्या रस्त्याने रोज महाविद्यालयात जाणाऱ्या किती जणांना तो कशाचा आहे हे ठाऊक असेल, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. कोणी सांगितलेच नसेल तर त्यांना कुठून कळावे!

आजची स्थिती तशी कोरी नाही. हानले येथील ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था मिळून चालवतात. ऑगस्ट २०२० मध्ये २०२० क्यूजी हा मोटारीएवढा दगड हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून निघून गेला आणि पृथ्वीच्या ओढीने त्याची वाट सुमारे ४५ अंशांनी वळली. तो निघून गेल्यावर काही तासांनी पालोमारच्या दुर्बिणीच्या प्रतिमांमध्ये तो प्रथम हेरणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे विद्यार्थी होते. प्रतिमा अमेरिकेतल्या, डोळे मुंबईचे. ही वाट खुली आहे.

वेध आणि गणित यांचे नाते नेमके कसे असते, हे २०२४ वायआर४ ने सगळ्या जगाला दाखवले. डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेला हा सुमारे ६० मीटरचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ३.१ टक्क्यांपर्यंत चढली होती. संभाव्य पट्टा प्रशांत महासागरापासून आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत आला होता. आपल्या वृत्तवाहिन्यांवर त्या आठवड्यात शहरे बेचिराख होण्याची संगणकीय दृश्ये अखंड फिरत होती. आठवडाभराच्या आत शक्यता जवळपास शून्यावर आली. तिला खाली आणले ते थंडीत दुर्बिणीशी बसून मिळवलेल्या स्थानमापनांनी. त्या रंगीत दृश्यांतून कक्षेचा एक अंशही पक्का झाला नाही. चेल्याबिन्स्कवर २०१३ मध्ये फुटलेला दगड वीसेक मीटरचा होता आणि सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, हे लक्षात घेता अशा मापनांना छंद म्हणून बाजूला सारणे परवडणारे नाही.

म्हणून चेन्नईतील, आणि पुणे-कोल्हापूरकडचीही, महाविद्यालये सिम्युलेटरसाठी संगणक घेत असतील तर जरूर घ्यावेत; मात्र त्याच प्रस्तावात आठ-दहा इंची दुर्बीण आणि एक कॅमेरा मागावा. पहिला प्रयोग शोधायला लांब जावे लागत नाही. पॉग्सन यांनी १८६६ मध्ये याच शहरातून शोधलेला सिल्व्हिया ५ तास ११ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो आणि लांबट असल्यामुळे त्याचे तेज त्या अवधीत कमीजास्त होते. तो पृथ्वीसमोर अनुकूल जागी असताना शहराच्या उजळ आकाशातूनही मध्यम दुर्बिणीला सापडतो. जानेवारी ते मार्च चेन्नईचे आकाश पुष्कळदा निरभ्र असते. एका रात्रीत पूर्ण फेरी टिपता येते. सिल्व्हियाला दोन उपग्रह आहेत, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. कॅमिलाचेही तसेच, दोन उपग्रह. त्यांच्या कक्षांवरून मुख्य दगडाचे वस्तुमान निघते, वस्तुमानावरून घनता, आणि मग सिम्युलेटरमध्ये त्या घनतेच्या जागी आकडा टंकताना हात थोडा थांबतो. तो थांबलेला हात हवा आहे. त्यापुढे एकाच दगडाभोवती १.२, २ आणि ३ अशा तीन घनता घालून तीनदा उड्डाण करायला सांगावे आणि गुण द्यावेत ते तिन्ही वेळा वाचलेल्या यानाला.

मुदतही समोर आहे. १३ एप्रिल २०२९ च्या रात्री अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. म्हणजे आपल्या दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचवणाऱ्या भूस्थिर उपग्रहांच्याही अलीकडून. २००४ च्या अखेरीस याच दगडाच्या टकरीची शक्यता २.७ टक्के सांगितली गेली होती. पुढे वेध वाढत गेले आणि २०२१ च्या रडार निरीक्षणांनंतर किमान शंभर वर्षांचे भय संपले. युरोपचे रामसेस यान त्याच्यासोबत असावे अशी तयारी चालू आहे, नासाचे ओसायरिस-एपेक्स त्याला नंतर गाठेल. इस्रोने जुलै २०२४ मध्ये जागतिक लघुग्रह दिनानिमित्त बंगळूरला कार्यशाळा घेतली, तेव्हा तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी अपोफिसच्या भेटीत भारताचा सहभाग असावा अशी इच्छा बोलून दाखवली होती. स्वतंत्र यान होवो न होवो, आज नववी-दहावीत असलेली मुले त्या रात्री महाविद्यालयात असतील.

भारतीय वेळेनुसार तो सर्वांत जवळ येईल तेव्हा १४ एप्रिलची पहाट असेल, तीन वाजून सोळा मिनिटांच्या सुमारास, आणि त्या क्षणी तो अटलांटिकवर असेल. पण त्याआधी तो ऑस्ट्रेलियाच्या आकाशातून हिंदी महासागरावरून पश्चिमेला सरकणार आहे. चेन्नई तेरा अंश उत्तरेला, रत्नागिरी सतरा अंशांवर. १३ तारखेला रात्री आठ, दहा आणि बारा वाजता या दोन ठिकाणांहून तो क्षितिजापासून किती अंश वर किंवा खाली असेल? नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची होरायझन्स ही सेवा त्याची स्थाने सर्वांना विनामूल्य देते. आधी आपल्या सिम्युलेटरमध्ये उत्तर काढावे, मग होरायझन्समध्ये. दोन्हींत फरक पडेल. तो कशामुळे पडला, हे शोधायला २०२९ पर्यंत वेळ आहे.